दूरसंचार मानके, आंतरराष्ट्रीय : राष्ट्रीय कंपन्यांचा सहभाग

निरनिराळ्या देशांतील कंपन्यांनी बनविलेली दूरसंचार उपकरणे परस्परांशी जुळावीत, यासाठी सर्वसंमतीने ठरविलेल्या तांत्रिक नियमांस आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानके म्हणतात. या क्षेत्रातील सर्वांत जुनी संघटना म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. तिचा प्रारंभ तारायंत्र संघ म्हणून १८६५ मध्ये पॅरिस येथे झाला. संघाची सदस्यराष्ट्रे अनेक असून कंपन्यांनाही त्याच्या तांत्रिक कार्यात भाग घेता येतो. भ्रमणध्वनीची तपशीलवार मानके मात्र १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘थ्रीजीपीपी’ या सहयोगी प्रकल्पात तयार होतात. यूरोप, अमेरिका, जपान, चीन, दक्षिण कोरिया व भारत येथील एकूण सात मानकसंस्था त्याच्या भागीदार असून कंपन्या त्यांच्यामार्फत सदस्य होतात. कंपन्यांचे अभियंते लेखी प्रस्ताव मांडतात व चर्चेअंती शक्यतो सर्वसंमतीने निर्णय होतो.

या सहभागाचे महत्त्व दुहेरी आहे. मानकास अपरिहार्य ठरलेल्या तंत्राचे पेटंट ज्या कंपनीकडे असते, तिला इतर उत्पादकांकडून वाजवी व भेदभावरहित अटींवर स्वामित्वशुल्क घेता येते. तसेच, ज्या देशाचे अभियंते चर्चेस उपस्थित नसतात, त्याच्या विशिष्ट गरजा मानकात उतरण्याची शक्यता कमी असते.

भारताचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ग्रामीण भागात मनोरे एकमेकांपासून दूर असतात व ग्राहकांची हालचाल मंद असते. म्हणून सहा किमी. अंतरावरील मनोऱ्यांची कसोटी पाचव्या पिढीच्या मूल्यमापनात घ्यावी, असा आग्रह भारताने धरला व संघाने तो २०१७ मध्ये मान्य केला. ती पुरी करण्यासाठी मद्रास व हैदराबाद येथील आय. आय. टी. संस्थांच्या संशोधनावर आधारलेले ‘फाइव्ह-जी-आय’ हे मानक पुढे आले. त्याचा बराचसा भाग थ्रीजीपीपीच्याच मानकावर बेतलेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये संघाच्या शिफारशीत त्याला स्थान मिळाले. तथापि वेगळ्या मानकामुळे उपकरणे महागतील, अशी हरकत दूरसंचार सेवा देणाऱ्या कंपन्यांनी घेतली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये त्याची वैशिष्ट्ये थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्याचे ठरले.

वेगळे राष्ट्रीय मानक टिकविण्यापेक्षा सामाईक मानकात आपली गरज समाविष्ट करून घेणे अधिक व्यवहार्य ठरते, हे यावरून दिसून येते. त्यासाठी मात्र कंपन्यांनी संशोधनावर खर्च करून अनुभवी अभियंते या सभांना वर्षानुवर्षे पाठविणे आवश्यक असते.