पळस आणि हनी पॉसम : संततीच्या शिदोरीचा विचार

वनस्पती व प्राणी यांतील भेद शिकविताना फळ्यावर दोन रकाने आखून ‘वनस्पती चालत नाहीत, प्राणी चालतात’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. हे मुलांस पाठ होते. समजते असे नाही. तुलना करावयाची तर दोन्ही जीवांपुढील एकच अडचण घ्यावी व प्रत्येकाने तीतून मार्ग कसा काढला, ते पाहावे.

केनवडच्या मुलांस पळसाची ओळख करून देण्याचे कारण नाही. फाल्गुनात त्याच्या निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरतात. मधासाठी शिंजीर पक्षी व खारी येतात आणि त्यांच्या अंगास चिकटलेले परागकण फुलाफुलांत पोहोचतात. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात बँक्सियाच्या फुलांवर हेच काम हनी पॉसम करतो. हा सुमारे १० ग्रॅम वजनाचा, पोटावर पिशवी असलेला सस्तन प्राणी. (पिशवी मादीसच असते.) मध व पराग हेच त्याचे अन्न, जीभ लांब, टोकाशी कुंचल्यासारखी. आपली खार या गटातील नव्हे. पिशवीवाले प्राणी भारतात मूळचे नाहीतच.

आता अडचण संततीच्या शिदोरीची. पळसाच्या चपट्या शेंगेत, टोकाशी, एकच बी असते. शेंग वाऱ्याबरोबर गेली की झाडाचा व बीचा संबंध संपला. म्हणून अंकुरास लागणारे अन्न बीच्या दोन दलांत आधीच भरलेले असते. पॉसमची रीत उलट आहे. त्याचे पिलू जन्मतः ५ मिलिग्रॅमहूनही हलके, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढेही नसते. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. ते पिशवीत शिरून आचळास धरते व सुमारे दोन महिने तेथेच दुधावर वाढते. पळस निघण्यापूर्वी सारी शिदोरी बांधून देतो. पॉसमची मादी जन्मानंतर थोडी थोडी पुरविते.

या पाठासाठी पळसपापडी वैशाखात जमवून ठेवावी. बी रात्रभर भिजवून सोलल्यास दोन्ही दले स्पष्ट दिसतात. ती औषधी व रेचक असल्याने मुलांनी तोंडात घालू नये, इकडे लक्ष असावे. त्यानंतर कोंबडीचे अंडे व गाईचे वासरू यांना शिदोरी केव्हा मिळते, हे मुलांस विचारावे. अंड्याचे उत्तर बहुधा लवकर येते. वासराविषयी मात्र वर्गात वाद होईल, तो होऊ द्यावा.