माहिती चौकट : ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ

सुरुवात : १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी साध्या वेष्टनाऐवजी सचित्र मुखपृष्ठ आणले.

आकार
- एलपी (१९४८) : सुमारे १२ इंच चौरस
- कॅसेट (१९६३) : उभे, सुमारे ६.५ × १० सेंमी
- सीडी (१९८२) : सुमारे १२ सेंमी चौरस
- मोबाइल : चौरसच, पण यादीत जेमतेम नखाएवढे

दृश्यतत्त्वे
- केंद्रबिंदू : नजर प्रथम जिथे थांबते ती जागा, एकच असावी.
- श्रेणीक्रम : चित्र, गायक, शीर्षक यांचा उतरता क्रम.
- विरोध : अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजेडातील फरक.
- मोकळी जागा : मुख्य घटकाला उठाव देते.
- देवनागरी : मात्रा वर, उकार खाली, म्हणून ओळींत अधिक अंतर.

मुखपृष्ठाची उदाहरणे : वऱ्हाडातील दोन गीतप्रकार
- भजन : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८, जन्म यावली, जि. अमरावती). ओळखीची खूण खंजिरी. चित्रप्रधान मांडणीस सोयीची.
- गझल : सुरेश भट (१९३२–२००३; जन्म अमरावती). शब्दप्रधान प्रकार, सुलेखन व मोकळी जागा यांना वाव.

फरक : मुखपृष्ठ ओळख देते; गीतकार, संगीतकार, वादक यांची श्रेयनामावली एलपीवर सहसा मलपृष्ठावर छापली जाई.