हिरड्या काळ्या आहेत, आजारी नव्हेत

लग्नाचा मुहूर्त ठरला की त्वचेबरोबर हिरड्यांचीही काळजी सुरू होते. 'लेझरने हिरड्या गुलाबी होतील का?' असं विचारणारी मुलंमुली आता बरीच दिसतात. होतात. पण त्याआधी हिरड्या काळ्या का आहेत, हे कळायला हवं.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हिरडीतही असतं. वरच्या पापुद्र्याच्या तळाशी असलेल्या पेशी ते बनवतात. सावळ्या माणसांत त्या जास्त रंग तयार करतात. लहानपणापासून असलेला, दोन्ही बाजूंना सारखा काळेपणा निरोगी असतो. त्याला औषध लागत नाही.

नव्याने आलेल्या काळेपणाचं मात्र कारण शोधावं. विडी-सिगारेटने मेलॅनिन वाढतं. मिनोसायक्लिन आणि हिवतापावरची काही औषधंही रंग बदलतात. थकवा, घटतं वजन आणि काळवंडणारी त्वचा सोबत असेल, तर ॲडिसनचा आजार तपासावा लागतो. एकाच जागी वाढत जाणारा डाग दिसला, तर आधी बायोप्सी, लेझरचा विचार नंतर.

हे सगळं तपासून झालं, तर उपचार सोपा आहे. हिरडी बधिर करतात, सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढतात. ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या डायोड लेझरचा प्रकाश मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन शोषून घेतात. उष्णतेने रंगीत पापुद्रा निघतो, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, म्हणून रक्त कमी येतं. साधारण एक-दोन आठवड्यांत नवा पापुद्रा येतो. तोवर तिखट आणि गरम टाळायचं. हिरडी पातळ असेल, तर जास्त उष्णतेने खालच्या हाडाला इजा होऊ शकते. म्हणून अनुभवी हात हवा. स्काल्पेलनेही हा पापुद्रा काढता येतो. त्यात रक्त जास्त येतं, पण खर्च कमी असतो.

लेझर केलं म्हणजे कायमचं काम झालं, असं मात्र नाही. शेजारच्या भागातल्या रंगपेशी सरकत येतात आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत काळेपणा परततो. सिगारेट चालूच असेल तर तो लवकर येतो.

आपल्या खेड्यांत अनेक बाया रोज सकाळी दातांना मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. अशा घरात हिरड्या गुलाबी करण्याआधी मिश्री सुटायला हवी. त्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते.