खिशातलं चॉकलेट आणि पसरणीचा घाट

सायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाला लोक साधारण तीन प्रश्न विचारतात. पंक्चर झालं तर काय करता? ट्रकची भीती वाटत नाही का? आणि एवढं अंतर जाताना खाता काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. पंक्चर काढता येतं, आणि भीती वाटते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिकायला मात्र मला दोन वर्षं लागली, आणि त्यासाठी एकदा पसरणीच्या घाटात रस्त्याकडेला बसून रडावं लागलं.

मी काही खेळाडू नाही. बँकेत नोकरी केली, छेचाळिसाव्या वर्षी पोट सुटलं म्हणून सायकल घेतली. सहा महिन्यांत पुणे ते सिंहगड पायथा, मग लोणावळा, असं करत एका रविवारी आम्ही चौघं महाबळेश्वरला निघालो. अंतर सुमारे 120 किलोमीटर. पहाटे पाचला घर सोडलं तेव्हा पोटात एक कप चहा आणि दोन बिस्किटं. शिरवळला बाकीच्यांनी मिसळ खाल्ली, मी नुसता चहा घेतला. वजन कमी करायला निघालेला माणूस वाटेत मिसळ कशाला खाईल, असा माझा हिशेब. खंबाटकीचा घाट चढलो, सुरूर फाट्याला वळलो, वाई आली. तोवर सगळं छान होतं.

पसरणीचा घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर काहीतरी बिघडलं. पाय दुखत होते म्हणावं तर तसंही नाही. पायांत काही उरलंच नव्हतं. हात थरथरायला लागले, अंगाला गार घाम सुटला. माझा मित्र शेजारून म्हणाला, "अरे, पाणी पी." मी त्याच्यावर खेकसलो. मग सायकल आडवी टाकली आणि कठड्यावर बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कशाचं वाईट वाटतंय हे मलाच कळेना. खाली कृष्णेचं खोरं पसरलेलं, एरवी मी फोटो काढले असते. मित्राने खिशातून शेंगदाणे आणि कॅरमल भरलेला एक चॉकलेटचा बार काढला, वेष्टण फाडलं आणि लहान मुलाला भरवावं तसा माझ्या तोंडात कोंबला. दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढचं धुकं गेलं. अर्ध्या तासाने मी पुन्हा सायकलवर होतो.

सायकलस्वार याला 'बॉन्क' म्हणतात. प्रकार काय असतो, ते सांगतो. आपलं शरीर दोन कोठारांतून इंधन घेतं. एक चरबीचं. हे कोठार अवाढव्य असतं, सडपातळ माणसाकडेही आठवडाभर पुरेल एवढा साठा. पण त्याचं दार अरुंद, माल हळूहळू बाहेर येतो. दुसरं कोठार ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं. त्यातून माल झटकन मिळतो, पण ते छोटं. स्नायूंत साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर फार तर 2000 कॅलरी. रमतगमत सायकल चालवली तर चरबी बरंचसं भागवते. घाट लागला, दम लागला, की शरीर साखरेच्या कोठाराकडे धावतं. तासाला चार-पाचशे कॅलरी खर्च होत असतील, तर चार-पाच तासांत खडखडाट.

यकृतातल्या साठ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. रक्तातली साखर टिकवायचं काम त्याच्याकडे, आणि मेंदू त्या साखरेवर चालतो. रात्रभर आपण उपाशी झोपतो तेव्हा हा साठा बराच उतरलेला असतो. म्हणजे मी पहाटे दोन बिस्किटांवर निघालो, तेव्हाच टाकी अर्धी रिकामी होती. पाय थांबले ते स्नायूंमुळे, आणि मित्रावर खेकसलो, रडलो, ते मेंदूमुळे. हा दुसरा भाग जास्त धोक्याचा. चढावर बॉन्क झाला तर माणूस थांबतो. उतारावर, मागून एसटी येत असताना झाला, तर निर्णय चुकतो. घरी आल्यावर हे सगळं मी बायकोला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिने शांतपणे अट घातली, की पुन्हा असं झालं तर सायकल विकायची.

चॉकलेट-गोळ्यांचा हा उपयोग काही आजचा नाही. 1924 साली बॉस्टनची मॅरेथॉन संपल्यावर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे अगदी गळून गेले होते, गोंधळल्यासारखे वागत होते, त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी, 1925 साली, त्यांनी धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय पदार्थ खायला सांगितले आणि शर्यतीत वाटेत गोड गोळ्या खायला दिल्या. तो गळून जाण्याचा प्रकार टळला. इतकी साधी गोष्ट, पण खेळाडूंच्या जगात ती रुजायला कित्येक दशकं गेली. 1960च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी स्नायूत सुई घालून चिमूटभर तुकडा काढून ग्लायकोजेन मोजलं, तेव्हा कोठाराचं गणित स्पष्ट झालं. खास खेळाडूंसाठीचे 'एनर्जी बार' त्यानंतर, 1980च्या दशकात आले. तोवर सायकलवाल्यांचं भागत होतं ते किराणा दुकानातल्या बारवरच. स्निकर्स 1930 सालचा आहे, आणि त्याचं नाव एका घोड्यावरून ठेवलेलं आहे. मार्स कुटुंबाचा तो लाडका घोडा. लांब पल्ल्याला हे नाव शोभतं खरं.

पसरणीनंतर मी चॉकलेटचा भक्त झालो, आणि इथे माझी दुसरी चूक झाली. पुढच्या लांब फेरीला जर्सीच्या मागच्या खिशांत सहा बार भरून निघालो. महिना एप्रिल. चॉकलेट साधारण 34 अंशांना वितळतं, आणि सायकलवाल्याची पाठ हे त्यासाठी आदर्श ठिकाण आहे. कापूरहोळच्या पुढे खिशात हात घातला तो थेट लापशीत. तरी वेष्टण चाटून दोन खाल्ले, तासाभराने आणखी दोन. खंबाटकीच्या पायथ्याशी पोटात मळमळायला लागलं, आणि पुढचं वर्णन रविवारच्या सकाळी नको.

तेव्हा मी पहिल्यांदा वेष्टणाची मागची बाजू वाचली. आयुष्यभर कर्जाचे अर्ज बारकाईने वाचणाऱ्या माणसाने हे आधीच करायला हवं होतं. अशा 50 ग्रॅमच्या बारमध्ये साधारण 30 ग्रॅम कर्बोदकं असतात, 12 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि चारेक ग्रॅम प्रथिनं. एकूण कॅलरी 240च्या आसपास, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या स्निग्ध पदार्थांतून. चरबीचं कोठार तर आपल्याकडे आधीच भरलेलं आहे! वर स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. घाटात रक्तपुरवठा पायांकडे वळलेला असतो, पोटाच्या वाट्याला थोडाच येतो, आणि त्यात आपण त्याला हे जड काम देतो. लांब फेरीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, असं आजचं शास्त्र सांगतं. नुसत्या बारवर तासाला 60 ग्रॅम भागवायचं तर दोन बार खावे लागतील. दहा तासांचे वीस. म्हणजे जवळजवळ पाव किलो तूप आणि तेल पोटात. ट्रकच्या इंजिनालाही झेपायचं नाही.

मग चॉकलेट वाईट का? नाही. पसरणीत त्यानेच मला उठवलं. संकटाच्या वेळी एक बार, किंवा पहिल्या दोन-तीन तासांत, वेग कमी असताना एक, हे उत्तम. त्यातल्या शेंगदाण्यांनी पोटाला आधारही वाटतो. पण रोजचं इंधन म्हणून ते महाग पडतं, पैशाला नव्हे, पोटाला.

यावर कुणी म्हणेल, आपली चिक्की काय वाईट? मीही अभिमानाने लोणावळ्याची चिक्की घेऊन फिरलो. वितळत नाही, हा तिचा मोठा गुण. पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, तेव्हा हिशेबाला ती चॉकलेटच्या बारची सख्खी बहीणच. शिवाय चढावर धापा टाकताना चिक्कीचा तुकडा घशाकडे गेला की काय होतं, ते मी अनुभवलंय. राजगिऱ्याची वडी त्या मानाने हलकी. केळ्यात सुमारे 25 ग्रॅम कर्बोदकं, निसर्गानेच बांधून दिलेलं पाकीट. पाच-सहा खजुरांत 30 ग्रॅम, फक्त बिया आधी काढून ठेवाव्यात. लिमलेटच्या गोळ्या म्हणजे जवळजवळ शुद्ध साखर, गालात धरून चढ चढता येतो. आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही टपरीवर मिळतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लिंबू सरबत. अर्धा लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, एक लिंबू, दोन चिमटी मीठ. साखर साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा टक्क्यांचं द्रावण. खेळाडूंच्या महागड्या पेयांतही साखरेचं प्रमाण साधारण एवढंच असतं. घामातून मीठ जातं, ते भरून निघतं. आणि आपली घरातली साखर या कामाला मुळातच चांगली आहे. तिचा अर्धा भाग ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोजला आत घेणारं दार वेगळं आणि फ्रुक्टोजचं वेगळं. नुसतं ग्लुकोज घेतलं तर तासाला साधारण 60 ग्रॅमला पहिल्या दारात गर्दी होते. दोन्ही मिसळून घेतले तर सरावलेल्या पोटाला 90 ग्रॅमपर्यंत जमतं. गुळातही मुख्यतः हीच साखर असते.

एक गंमत सांगतो. 2004 साली इंग्लंडमध्ये काही सायकलस्वारांना तासाभराच्या जोरदार चाचणीत पिष्टमय द्रावणाने नुसत्या चुळा भरायला लावल्या. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. तरी त्यांची कामगिरी जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. साखर येतेय अशी वर्दी तोंडाकडून मेंदूला आधीच जाते आणि तो लगाम सैल करतो. घाटात लिमलेटची गोळी जिभेवर ठेवताच तरतरी वाटते, ती म्हणूनच.

आता एक शंका. एवढी साखर खाऊन ती एकदम वर जाऊन खाली आपटत नाही का? निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी भरपूर गोड खाल्लं तर काहींना तसं होतं, इन्शुलिन वाढतं आणि सुरुवातीलाच गळल्यासारखं वाटतं. चालत्या सायकलवर तसं सहसा होत नाही, कारण व्यायाम चालू असताना इन्शुलिन फारसं वाढत नाही आणि काम करणारे स्नायू त्याच्याशिवायही साखर ओढून घेतात. मात्र हे सगळं पेडल फिरत असतानाचं. खुर्चीत बसून टीव्हीवर सायकलची शर्यत बघणाऱ्याने हा हिशेब लावू नये. आणि ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी लांब फेरीआधी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच खाण्याचं आणि औषधाचं ठरवावं.

दुसरा नियम मला घड्याळाने शिकवला. भूक लागली की खायचं, असं नाही. भूक लागते तोवर उशीर झालेला असतो. मी दर वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर लावतो. वाजला की एक घास, दोन घोट. बरोबरचे हसतात, हसू देत.

दोन वर्षांनी मी 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरलो. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायचं. 300ला 20 तास मिळतात. हा प्रकार फ्रान्सचा. तिथली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 साली सुरू झाली, आज तिथे 1200 किलोमीटरला 90 तास असतात. त्या शर्यतीच्या सन्मानार्थ 1910 साली लुई दुराँ नावाच्या हलवायाने सायकलच्या चाकासारखी गोल, आत क्रीम भरलेली मिठाई काढली. ती अजून फ्रान्सभर विकली जाते. सायकल आणि गोड यांचं नातं असं जुनं आहे.

आमचा रस्ता पुण्याहून कराडच्या अलीकडे आणि परत. डिसेंबर. दिवसभर सरबत, केळी, खजूर. दोनशेव्या किलोमीटरनंतर मात्र गोडाची शिसारी आली. हे सगळ्यांना होतं. त्यासाठी मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि एक थालीपीठ बरोबर होतं, ते साताऱ्याजवळ खाल्लं. रात्रीच्या थंडीत चॉकलेट वितळत नाही, उलट दगड होतं. एकदा माझ्या दाढेतलं सिमेंट त्याने उपटलं होतं, म्हणून मी ते आधी हाताच्या मुठीत धरून ऊब देतो.

रात्री दहाच्या सुमारास शिरवळजवळ कडेला एक दिवा दिसला. पंचविशीतला एक मुलगा, आमच्यातलाच, सायकल टाकून बसलेला. मी थांबलो.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही जा, काका."

"खाल्लंस काय?"

"जा म्हटलं ना!" तो ओरडला, आणि मग एकदम हुंदका दिला.

मला पसरणीतली ती जागा आठवली. हातात चार तास होते, पुणे पन्नास किलोमीटर, मध्ये कात्रजचा चढ. खिशात एकच बार उरला होता. वेष्टण फाडून त्याच्या हातात दिला, शेजारी बसलो आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं तो काही बोलला नाही. मग त्याने बोटं चाटली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, अजून आहे का?"