पटावरचे मानकरी (लेखांक ७) : पॉल योनर

मागील लेखांकात दुहेरी प्याद्यांच्या दौर्बल्याचे जे विवेचन केले, त्याचे सर्वोत्कृष्ट उदाहरण ज्या डावात सापडते, तो डाव हरलेल्या खेळाडूविषयी आज लिहावयाचे आहे. कारण जेत्याच्या कीर्तीच्या झोतात पॉल योनर या स्विस बुद्धिबळपटूची उभी कारकीर्द झाकोळून गेली, आणि हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

योनरचा जन्म 1887 साली झुरिचमध्ये झाला. व्यासंगाने तो संगीतज्ञ होता. विशीच्या उंबरठ्यावर, 1907 साली, त्याने स्वित्झर्लंडचे अजिंक्यपद मिळविले, दुसऱ्याच वर्षी ते धाकटा भाऊ हान्स याच्याबरोबर विभागून घेतले, आणि पुढे 1925 ते 1932 या अवधीत आणखी चार वेळा त्यावर आपले नाव कोरले. महायुद्धाने अर्धे युरोप होरपळत असता, 1916 साली तटस्थ डेन्मार्कच्या राजधानीत भरलेली नॉर्डिक स्पर्धाही त्यानेच जिंकली. परंतु त्याच्या यशाचा कळस म्हणजे 1924 सालची बर्लिनची चौरंगी स्पर्धा. युद्धापूर्वी जगज्जेतेपदाचा दावेदार मानला गेलेला रुबिनस्टाइन, 1911 साली कार्ल्सबादची प्रचंड स्पर्धा जिंकणारा टाइखमान आणि आक्रमक खेळाबद्दल ख्यातनाम असलेला मीझेस, या तिघांनाही मागे टाकून योनर पहिला आला.

यानंतर दोनच वर्षांनी ड्रेस्डेनला त्याची गाठ निम्झोविचशी पडली. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या निम्झोविचने आरंभीच आपला उंट देऊन योनरचा घोडा मारला आणि पांढऱ्याची दोन प्यादी एकाच स्तंभात एकामागे एक आणून उभी केली. पुढच्या प्याद्यासमोर काळे प्यादे ठाण मांडून बसले असल्याने ती जोडी जागीच खिळली. दहाव्या खेळीस योनरने घोडा वजिराच्या बाजूला नेला, आणि तेथेच डावाचे पारडे फिरले. काळ्याचे राजासमोरील प्यादे दोन खेळ्यांत पांढऱ्याच्या मुलखात शिरले. मग निम्झोविचने जे केले ते पाहून आजही अभ्यासक थक्क होतो : त्याने आपला वजीर, पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरा, तीन टप्प्यांत नेऊन आपल्याच राजाशेजारी, पटाच्या अगदी कडेला बसविला! तेथून त्याने पांढऱ्याची राजाकडील प्यादी जखडली, त्यांच्यामागे मोहरे गुदमरले, आणि सारी सिद्धता झाल्यावर तेहतिसाव्या खेळीस उंटाचा घाव घालून कोट फोडला. चाळिसाव्या खेळीनंतर योनरने डाव सोडला.

ही स्पर्धा निम्झोविचने नऊ डावांत साडेआठ गुण मिळवून, प्रत्यक्ष आल्येखिनच्याही पुढे राहून जिंकली. तेव्हा त्याच्याकडून हरणे ही नामुष्की खचितच नव्हती. वाचकांनी हा डाव एकवार पांढऱ्याच्या बाजूने मांडून पाहावा. दहाव्या खेळीनंतर योनरला सुटकेचा सोपा मार्ग कोठे होता, हे शोधू लागले म्हणजे त्याच्या चिवट बचावाची योग्यता कळते.

1938 साली योनर बर्लिनमध्ये निवर्तला. त्याचा बंधू हान्स याने मात्र 1908 पासून 1950 पर्यंत बारा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद भूषविले. त्याचा वृत्तांत पुढील लेखांकी.