तिथीची पाऊणपट

अर्धापूरच्या माणसाच्या पोटात वाऱ्याचं नाव काढलं की गोळा येतो. घडांनी वाकलेली केळीची बाग एका वावटळीत आडवी झालेली आम्ही लहानपणापासून बघतो. म्हणून आषाढात मुंबईची माणसं मुद्दाम उधाणाचा वारा अंगावर घ्यायला वरळीच्या कठड्याशी जमतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चक्रावलो. तेव्हापासून उधाण माझ्या मनातून गेलेलं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली, दारादारात जाळ्यांची डागडुजी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हता तो भरतीचा हिशेब. वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींना विचारलं, भरती किती वाजता? त्यांनी घड्याळ बघितलं नाही. बोटं मोजली. ‘आज तृतीया ना? मग सव्वादोन.’

तिथीची पाऊणपट करायची. तीन पाऊणे सव्वादोन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आगेमागे. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्याचं हे गणित. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी, तो भांग. पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांत सर्वांत मोठी भरती, ते उधाण.

अपोलो बंदरावर भरतीमापक १८७८ पासूनच्या नोंदी ठेवतो आहे. त्याच सुमारास एडवर्ड रॉबर्ट्स या गणितज्ञानं हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये चाकांचं आणि कप्प्यांचं एक यंत्र उभं केलं. चंद्र-सूर्याच्या ओढीचे वीस घटक एका दोरीवर बेरजेला लावून ते वर्षभराच्या भरतीचा आलेख काढून देई. पाणी किती फूट चढेल हे यंत्रच सांगू शके, पाऊणपट नाही. तरी वेळेपुरती मावशींची बोटं मला कमी वाटत नाहीत.

सव्वादोनला त्यांच्याबरोबर उभा होतो. लाट येण्याआधी पाणी मागे खेचलं जातं, गोटे एकमेकांवर खडखडतात, क्षणभर सगळं थांबतं आणि मग कठड्यावरून पांढरी भिंत उठते. पोरं ओरडतात. मावशीही हसल्या. दोन महिने घरातले पुरुष रात्री घरीच झोपतात, सोड्यांची खिचडी सगळे एकत्र जेवतात. आपलं कुणी पाण्यावर नाही, म्हणून लाट डोळे भरून बघता येते. माणसं मुद्दाम हा वारा अंगावर का घेतात, याचं उत्तर मला तिथं मिळालं. नारळी पौर्णिमेपर्यंत बंदी वाढवा, ही मच्छीमार संघटनांची जुनी मागणी मला म्हणूनच रास्त वाटते.

ज्यांना तिथी ठाऊक नाही, तेच खडकांवर उतरतात आणि दर पावसाळ्यात काहीजण परत येत नाहीत. पुढच्या आषाढात मुंबईला किंवा कोकणात निघालात, तर आधी भिंतीवरच्या पंचांगात तिथी बघा, तिची पाऊणपट करा आणि उभे राहा ते कठड्याच्या अलीकडे.