राज्यपाल काय करतात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक म्हातारे बाबा येतात. वय सत्तरीच्या घरात. डोंगराच्या उतारावर ते थोडी नागली आणि वरई पिकवतात. ती जमीन त्यांच्या आजापासून त्यांचेच घर कसत आले. पण कागदावर जमीन वनखात्याची आहे. वनहक्क कायद्याखाली त्यांनी आपला दावा लावला होता. ग्रामसभेने तो मान्य केला, पण जिल्ह्याच्या समितीने नामंजूर केला.

त्या रात्री धडा संपला, सगळे उठले, पण बाबा उठेनात. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "गुरुजी, लाटसाहेबाला येक अर्ज लिवून द्या."

"कोण लाटसाहेब, बाबा?"

"मुंबईचा. आमचा बाप म्हनायचा, समद्यांत मोठा तो लाटसाहेब. त्याच्या येका सहीनं काम व्हतंय."

आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, लाटसाहेबाचे दिवस गेले. आता राज्यपाल आहेत, आणि तुमच्या जमिनीशी त्यांचा काही संबंध नाही."

बाबांनी कागदाची घडी पुन्हा घातली आणि ते गेले. पस्तीस वर्षे आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. त्या जोरावर आम्ही इतके ठाम बोललो. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की आमचे उत्तर अर्धेच खरे होते. बाबांचे चुकले ते कोठे, आणि आमचे चुकले ते कोठे, हे या पाठात सांगायचे आहे.

लाटसाहेब गेले, राज्यपाल आले

इंग्रजांच्या अमलात मुंबई प्रांतावर गव्हर्नर असे. त्यालाच लोक लाटसाहेब म्हणत. तो विलायतेहून नेमलेला असे. खरी सत्ता त्याच्या हाती असे. तो रयतेला जबाबदार नव्हता, विलायतेच्या सरकारला जबाबदार होता.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. १९४८ साली राजा महाराज सिंग हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले, तेव्हा श्रीप्रकाश हे राज्यपाल होते आणि यशवंतराव चव्हाण हे मुख्यमंत्री होते. १९६२ साली विजयालक्ष्मी पंडित या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. म्हणजे या पदावर बाईमाणूसही बसू शकते आणि बसले आहे.

मुंबईस मलबार टेकडीच्या टोकाला, समुद्राच्या काठी, राज्यपालांचे निवासस्थान आहे. जागा लाटसाहेबांचीच आहे. पण तिथे राहणाऱ्याचे काम मात्र पार बदलले आहे.

नेमणूक आणि शपथ

आमदार आपण निवडतो. राज्यपाल आपण निवडत नाही. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि राष्ट्रपती ही नेमणूक केंद्र सरकारच्या सल्ल्याने करतात. राज्यपाल होणारा माणूस भारताचा नागरिक असावा लागतो. त्याला पस्तीस वर्षे पुरी झालेली असावी लागतात. पद साधारण पाच वर्षांसाठी असते, पण राष्ट्रपती त्याआधीही त्यांना दूर करू शकतात. राज्यपालाला त्या काळात आमदार किंवा खासदार राहता येत नाही.

पदावर बसण्यापूर्वी राज्यपाल शपथ घेतात. ही शपथ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश देतात. शपथेत दोन मोठ्या गोष्टी असतात. एक, घटनेचे आणि कायद्याचे रक्षण करीन. दुसरी, या राज्यातील लोकांच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेईन. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. लाटसाहेबाला आपली गादी सांभाळायची होती. राज्यपालांना घटना सांभाळायची आहे, आणि लोकांचे भले पाहायचे आहे.

सही राज्यपालांची, निर्णय मंत्र्यांचा

राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. सरकारी हुकमाच्या शेवटी पाहा. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असे छापलेले असते. हे वाचून माणसाला वाटते, हा हुकूम राज्यपालांनीच काढला. पण तसे नसते.

एक रोजचे उदाहरण घेऊ. तुम्ही शेत विकत घेता. किंमत ठरते ती घेणारा आणि देणारा यांच्यात. मग खरेदीखत होते आणि सगळे रजिस्ट्रार कचेरीत जातात. तिथे नोंद झाली, शिक्का पडला, की व्यवहार पक्का. शिक्क्याशिवाय पक्का नाही. पण शेत कोणी कोणाला विकावे हे रजिस्ट्रार ठरवीत नाही. राज्यपालांच्या बहुतेक सह्या अशाच असतात. निर्णय मंत्रिमंडळाचा, सही राज्यपालांची.

असे का? कारण उघड आहे. मंत्री आपण निवडून दिलेल्या सभागृहाला जबाबदार असतात. ते चुकले तर आपण त्यांना पुढच्या निवडणुकीत घरी बसवू शकतो. राज्यपालांना आपण मत दिलेले नसते. म्हणून घटनेने सांगितले की राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे.

राज्यपालांच्या हातून होणारी मुख्य कामे अशी आहेत. विधानसभेची बैठक ते बोलावतात. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात ते भाषण करतात. ते भाषणही मंत्रिमंडळाने मान्य केलेले असते. विधानसभेची बैठक नसताना तातडीने कायदा करणे भाग पडले, तर ते वटहुकूम काढतात. कैद्याची शिक्षा कमी करण्याचा अधिकारही त्यांच्या नावे आहे.

विधान परिषदेवर ते बारा सभासद नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांत काम केलेली माणसे त्यांत घ्यायची असतात. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर १९७८ साली असेच विधान परिषदेवर गेले.

राज्याच्या कायद्यांप्रमाणे राज्यपाल विद्यापीठांचे कुलपतीही असतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषि विद्यापीठेही त्यांत आली.

विधानसभेने आणि विधान परिषदेने कायदा मंजूर केला तरी तो लगेच लागू होत नाही. तोवर त्याला विधेयक म्हणतात. ते राज्यपालांकडे जाते. त्यांनी संमती दिली की ते कायदा बनते. त्यांना शंका वाटली तर ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पण सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केले, तर मग राज्यपालांना संमती नाकारता येत नाही. काही विधेयके ते राष्ट्रपतींकडेही धाडू शकतात. विधेयक परत पाठवायचे तर ते शक्य तितक्या लवकर पाठवावे, असे घटनेत आहे. किती दिवसांत, ते लिहिलेले नाही. यावरून काही राज्यांत सरकार आणि राज्यपाल यांच्यात तंटे झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

स्वतः विचार करण्याचे प्रसंग

काही प्रसंग असे येतात की सल्ला द्यायला मंत्रिमंडळच उरत नाही, किंवा बहुमत कोणाकडे आहे हेच कळत नाही. निवडणूक झाली आणि कोणत्याच पक्षाला निम्म्याहून जास्त जागा मिळाल्या नाहीत, तर मुख्यमंत्री कोणाला नेमावे? इथे राज्यपालांना स्वतः तोलूनमापून पाहावे लागते. आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. म्हणजे बहुमताला १४५ लागतात.

मग हे डोके मोजायचे कोठे? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात सांगितले की बहुमत सभागृहातच मोजावे. ते राज्यपालांच्या दिवाणखान्यात ठरवू नये.

राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालेनासा झाला, तर राज्यपाल तसे राष्ट्रपतींना कळवतात. मग राष्ट्रपती राजवट येऊ शकते. महाराष्ट्रात ती १९८०, २०१४ आणि २०१९ साली आली होती.

राज्यपालही माणूस आहे, आणि माणूस चुकतो. जून २०२२ मध्ये आपल्या राज्यात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. ते पुरेशा आधाराशिवाय सांगितले होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरवले. कोणता पक्ष बरा, कोणता वाईट, याच्याशी आम्हाला इथे कर्तव्य नाही. एवढेच सांगायचे, की लाटसाहेबाला जाब विचारणारे इथे कोणी नव्हते. राज्यपालांचे काम मात्र कायद्याच्या तराजूत तोलले जाते.

आदिवासी भागाची खास जबाबदारी

आता बाबांच्या कागदाकडे येऊ. इथेच आमचे उत्तर लंगडे पडले.

घटनेला काही जोडपत्रे आहेत. त्यांना अनुसूची म्हणतात. पाचवी अनुसूची आदिवासी भागांसाठी आहे. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील ठरावीक भाग तिच्याखाली येतात. आमचा तालुकाही येतो. या भागांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. आणि एक मोठा अधिकार त्यांच्या नावे आहे. देशाचा किंवा राज्याचा एखादा कायदा या भागाला जसाच्या तसा लावू नये, त्यात अमुक फेरफार करून लावावा, असे ते जाहीर करू शकतात.

हा अधिकार नुसता कागदावर राहिलेला नाही. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यात दावा आधी ग्रामसभेपुढे, मग प्रांताच्या पातळीवरील समितीपुढे आणि शेवटी जिल्ह्याच्या समितीपुढे जातो. जिल्हा समितीचा शब्द अखेरचा, असे कायद्यात होते. तिने नाही म्हटले की समितीच्या पायऱ्या संपल्या. मग कोर्टाची पायरी. गरिबाला ती कशी परवडणार? मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढली आणि या भागांपुरता हा कायदा बदलला. जिल्हा समितीने नाकारलेल्या दाव्यावर विभागीय समितीकडे अपील करता येईल, असे ठरले. त्या समितीचे अध्यक्ष विभागीय आयुक्त असतात.

म्हणजे जमिनीचा संबंध नाही असे आम्ही म्हणालो, ते खोटे ठरले. बाबांचा दावा राज्यपाल स्वतः ऐकणार नाहीत, हे खरे. पण बाबांपुढे बंद झालेले एक दार त्यांच्या सहीने उघडलेले होते. आणि आम्ही बाबांना त्याच दारातून परत पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबांच्या घरी गेलो. "बाबा, आमचं चुकलं. तो कागद पुन्हा काढा," असे सांगितले. बाबा म्हणाले, "लाटसाहेब हाय ना मग?" आम्ही म्हणालो, "लाटसाहेब नाही. पण राज्यपालांनी वाट करून दिली आहे. त्या वाटेने जायचं आपल्याला." दोघे मिळून प्रांत कचेरीत गेलो. नामंजुरीच्या हुकमाची नक्कल मागितली आणि त्यात कारण काय लिहिले आहे ते वाचले. "पुरेसा पुरावा नाही," असे लिहिले होते. मग गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, जुन्या दंडाच्या पावत्या असे कागद गोळा केले आणि अपील लावले. अपिलावर सही बाबांनी स्वतः केली. वर्षापूर्वी ते अंगठा लावीत होते. निकाल अजून लागायचा आहे. तो समिती देईल.

अर्ज कोणाकडे करावा?

राज्यपालांना पत्र लिहायला कोणालाही बंदी नाही. पण तिकडे आलेला अर्ज बहुधा ज्या खात्याचा असेल त्या खात्याकडे पाठवला जातो. त्यात दिवस जातात आणि अपिलाची मुदत टळते. म्हणून आधी आपल्या कामाचे खरे दार कोणते, ते शोधावे. सातबाऱ्याचे काम तलाठ्याकडे आणि तहसीलदाराकडे. गावच्या पाण्याचे काम ग्रामपंचायतीकडे. धोरण बदलायचे असेल तर आमदाराकडे आणि मंत्र्यांकडे. अर्ज नाकारला तर तो लेखी नाकारल्याचा कागद मागून घ्यावा. त्या कागदावर पुढचे अपील कोठे, हे बहुधा लिहिलेले असते. नसेल तर विचारावे. आणि गुरुजी सांगतात म्हणून लगेच खरे मानू नये. हुकूम स्वतः वाचावा. त्यासाठीच तर आपण रात्री कंदील लावून अक्षरे गिरवली.